पाठीवरचं वंगण

दिंद्रुडात अजून सांगतात, की वाण्याच्या पोरीनं मठाच्या स्वामींना दारात उन्हात ताटकळत ठेवलं आणि त्यांच्या आधी किडे पडलेलं कुत्रं घरात नेलं. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते बघितलेलं नाही आणि उरलेल्यांनी अर्धवट बघितलं आहे. ती वाण्याची पोर मी. गोष्ट खरी आहे. पण लोक ती माझी फजिती म्हणून सांगतात, आणि माझी काही फजिती झालेली नाही. म्हणून एकदा माझ्या हातानं लिहून ठेवते. अक्षर गिचमिड लागलं तर लागू द्या. मला लिहायला अप्पांनी शिकवलं, तेही दुकानात करडईच्या पोत्यावर बसवून, आणि गिऱ्हाईक आलं की शिकवणं बंद.

अप्पा म्हणजे माझे वडील. आमचं लिंगायत वाण्याचं घर. पुढं दुकान, मागं राहायचं, बाजूला बैलांचं आवार. अप्पा गावातून जवस, करडई, तूर, सरकी घ्यायचे आणि गाडीत भरून अंबाजोगाईच्या बाजाराला न्यायचे. मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या, कागदांत त्या गावाला मोमिनाबाद लिहायचे. अप्पा बाजाराचं बोलताना मोमिनाबाद म्हणायचे आणि देवीचं बोलताना अंबाजोगाई.

कुत्रा त्या गाडीखालचा. कुठल्याशा मुक्कामाला एक पिल्लू गाडीखाली येऊन झोपलं, आणि सकाळी बैल जुंपून गाडी निघाली तेव्हा तेही खालून चालायला लागलं. अप्पांनी हाकललं, ते गेलं नाही. तेव्हापासून गाडी जिथं गेली तिथं तो गेला, दोन चाकांच्या मधोमध, आसाच्या खाली, सावलीत. त्याला नाव नव्हतं. आमच्याकडं कुत्र्याला नाव ठेवायची चैन कुणी करत नसे. ‘यू यू’ म्हटलं की भाकरी आहे, ‘हाड’ म्हटलं की उठायचं आहे, आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या की निघायचं आहे. एवढ्या तीन गोष्टींवर त्यानं सगळा जन्म निभावला.

रंगानं तांबूस होता, पण पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. तो पट्टा म्हणजे वंगण. गाडीच्या आसाला एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या कोंबतात, त्याचं काळं तेल थेंबथेंब गळत राहतं, आणि खाली हा चालायचा. धुतला तरी दोन फेऱ्यांत पट्टा परत. परगावच्या बाजारात लोक विचारायचे, ‘‘कुठल्या जातीचं कुत्रं हाय बे हे?’’ अप्पा गंभीर तोंड करून म्हणायचे, ‘‘मोमिनाबादी.’’ आणि लोक माना डोलवायचे. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अप्पा आत कारकुनाची मनधरणी करत बसले, की गाडीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तो भुंकायचा नाही. नुसता गाडीखालून बाहेर यायचा.

आता माझं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं सासर पालीला, बीडजवळ. नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. तेरावा झाला आणि सासूनं माझी पेटी दाराबाहेर काढून ठेवली, वर तोंडानं गोड बोलली, ‘‘माहेरी चार दिवस राहून ये.’’ ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. अप्पा गाडी घेऊन आले. पालीपासून दिंद्रुडपर्यंत मी गाडीत तोंड झाकून रडत होते आणि अप्पा माझ्याकडं पाठ करून बैल हाकत होते. बापाला लेकीचं रडं बघवत नाही, खरं आहे, पण मला त्या वाटेवर कुणीतरी नुसतं बघायला हवं होतं. मुक्कामाला उतरले तर हा गाडीखालून आला, माझ्या पायांवर पाठ घासून गेला. पांढऱ्या लुगड्याला काळं वंगण लागलं. तो डाग कधी निघाला नाही आणि मी काढायचा फार प्रयत्नही केला नाही.

असा तो. आणि मग म्हातारा झाला.

आधी डोळ्यांवर सारा आला, दिसेनासं झालं. मग मागचे पाय ढिले पडले. अप्पांनी त्याला गाडीखाली न्यायचं बंद केलं, कारण वाटेत बसायचा आणि चाक अंगावरून जायची भीती. पण त्याला कुणी सांगावं? बैल जुंपले, माळा वाजल्या, की हा पुढच्या पायांवर अंग ओढत आवारात यायचा आणि उभ्या गाडीखाली जाऊन बरोबर आसाखाली थांबायचा. मी त्याला उचलून बाहेर काढायची, तेव्हा कुठं गाडी हलायची. मी कडेवर घेऊन उभी, आणि तो कान टवकारून माळांचा आवाज लांब जाईस्तोवर ऐकत राहायचा. हळूहळू त्याच्या पाठीवरचा काळा पट्टा फिका झाला, आणि मग नुसता तांबूस, केस झडलेला म्हातारा उरला.

त्याचं सगळं मी करायची. ओट्याच्या कोपऱ्यात कडब्यावर पोतं अंथरलं होतं. भाकरी ताकात कुस्करून, बोटानं त्याच्या तोंडात. पोतं ओलं झालं की दुसरं. ऊन आलं की उचलून सावलीत, सावली फार झाली की उन्हात. शेजारची काकू भिंतीवरून बघायची. एक दिवस म्हणाली, ‘‘पोटचं न्हाई ना, म्हणून कुत्र्याचं करती बिचारी.’’ मला ‘बिचारी’ म्हटलेलं चालत नाही. मी म्हणाले, ‘‘काकू, तुमच्या पोटचे हायत की. बघू तुमचं कोण करतंय.’’ तिनं महिनाभर माझ्याशी अबोला धरला. बरं वाटलं.

चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा, आणि त्याची म्हाळसा तर आमच्याच वाण्यांची लेक, त्यामुळं घरात त्या दिवसाला मान. चार महिने न खाल्लेलं वांगं त्या दिवशी घरात यायचं. भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा. अप्पांनी तळी उचलली, भंडारा उधळला, आणि रीतीप्रमाणं पहिला घास कुत्र्याला. देवाबरोबर कुत्रं असतं, म्हणून त्या दिवशी कुत्रं देवाचं. एरवी गावात ज्याला त्याला दगड बसायचा, पण चंपाषष्ठीला लोक कुत्री शोधत हिंडायचे. अप्पा ओट्यावर आले, कोपऱ्यात उकिडवे बसले, रोडगा चुरून भरितात कालवला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातला. कपाळाला भंडारा लावला. त्यानं अप्पांचा हात चाटून पुसून घेतला. अप्पा ‘येळकोट’ म्हणाले, पण फार हळू, देवाला ऐकू जाईल इतपतच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या कुल्ल्याला जखम झाली. एका अंगावर पडून पडून कातडी फाटली, माशा बसल्या, आणि किडे पडले. वास सुटला. तो वास मी लपवून सांगणार नाही. दुकानात गिऱ्हाईक नाकाला पदर लावून यायचं. मी सीताफळीचा पाला आणून वाटायची, जखमेत भरायची आणि वरून चिंधी बांधायची. पाल्याच्या उग्रपणानं किडे बाहेर यायचे, ते काडीनं वेचून राखेत टाकायचे. वाटताना हात डोळ्याकडं नेला की दिवसभर आग. तो विव्हळायचा नाही. माझं मनगट तोंडात धरायचा, दात न लावता, नुसतं धरून ठेवायचा. वेचून झालं की सोडायचा.

आणि नेमके त्याच वेळेला मठाचे स्वामी येणार म्हणून निरोप आला. गुरू घरी येणार, त्यांची पादपूजा होणार, त्यांच्या पायांवरचं पाणी सगळ्यांनी तीर्थ म्हणून घ्यायचं. वाण्याच्या घरात याच्याहून मोठा दिवस नाही. माय भिंती सारवायला लागली. आणि अप्पांची नजर ओट्याच्या कोपऱ्यावर जाऊन जाऊन परत यायला लागली. ती नजर कशासाठी आहे ते मला कळत होतं.

आमच्याकडं म्हातारं कुत्रं दारात मरू देत नसत. दारात कुत्रं मेलं की घराला अवकळा येते, असं म्हणायचे. म्हणून कुत्रं थकलं की पोत्यात घालून ओढ्यापल्याड सोडून यायचं. त्याला ‘पल्याड करणं’ म्हणत. टाकलं म्हणायचं नाही, मारलं तर मुळीच नाही. पल्याड केलं. पल्याड केलेल्या कुत्र्याचं पुढं काय होतं ते बघायला कुणी ओढा ओलांडत नसे.

अप्पा सकाळची लिंगपूजा उरकून, कपाळाला भस्म लावून ओट्यावर आले. मी जखमेत पाला भरत होते.

‘‘स्वामी ह्याच आठवड्यात येणार हायत,’’ अप्पा म्हणाले.

‘‘येऊ द्या की.’’

‘‘ह्याचं काय करायचं?’’

‘‘ह्याचं मी करतेच हाय.’’

‘‘वास येतोय घरभर. किडे पडलेलं जनावर दारात ठेवून पादपूजा करू का मी?’’

‘‘चंपाषष्ठीला ह्याच्याच तोंडात तुमी घास घातलाव. भंडारा लावलाव.’’

‘‘तो देवाचा दिवस होता.’’

‘‘मग बाकीचे दिवस कुणाचे असतेत, अप्पा?’’

आतून माय म्हणाली, ‘‘बापाशी बोलतीस का भांडतीस गं?’’ मी म्हणाले, ‘‘दोन्ही.’’

अप्पांनी आवाज चढवला नाही. ‘‘गावची रीत हाय,’’ म्हणाले. ‘‘माझ्या बापानं केलं, मी बी करणार. पल्याड करावं लागतं.’’

मला नको ते बोलायची खोड आहे असं घरचे म्हणतात. मला वाटतं, मला हवं तेच बोलायची खोड आहे. मी हात पुसले आणि म्हणाले, ‘‘मला बी सासरच्यांनी पल्याडच केलं होतं. मग तुमी गाडी घेऊन आलाव कावून?’’

 अप्पा उठून दुकानात गेले आणि तराजूची वजनं एकेक करून पुसत बसले. पुसायला त्यांच्यावर काही नव्हतं. मला वाटलं, जिंकले. मी त्या दिवशी खुशीत दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

कापसाची वेचणी चालू होती. दुसऱ्या दिवशी मी बायांबरोबर शेतात गेले आणि कललेल्या उन्हात घरी आले, तर ओट्याचा कोपरा रिकामा. कडबा नाही, पोतं नाही. जागा शेणानं सारवलेली, अजून ओली. माय चुलीपुढून हलली नाही. अप्पा दुकानात गिऱ्हाइकाला तूर मोजत होते, मोजत मोजतच म्हणाले, ‘‘सकाळी गड्यासंगं पल्याड केला.’’

मी गड्याला आवारात गाठलं. तो आमच्याकडं सालानं राहिलेला बाप्या, वाईट माणूस नव्हता. खाली बघत म्हणाला, ‘‘ओढ्यापल्याड, बाभळींपाशी, गाडीवाटेच्या कडंला ठेवलाय अक्का. भाकरी बी ठेवलीय जवळ.’’ मी तशीच निघाले. डोक्यावरचा पदर कुठं, पायांत काही नाही. विधवा पोर दिवेलागणीच्या आधी एकटी वेशीबाहेर पळत निघालेली सगळ्या गावानं बघितली. बघू दे म्हटलं. ओढा ओलांडला. बाभळींखाली आमचं पोतं सापडलं, भाकरीचा तुकडा मुंग्यांनी भरलेला. तो नव्हता. ‘यू यू’ करत मी बाभळी पालथ्या घातल्या, घसा बसला. धुळीत गाडीच्या चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध काही ठसे होते, पण गाड्या दिवसभर इकडून तिकडं जातात, ठसे कुणाचे आणि कुठल्या दिशेला गेले काय सांगणार. आंधळा, मागून लंगडा, जाणार कुठं? कोल्ह्यांनी नेला असणार असं मनात आलं. तिथं बसून मी अप्पांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

घरी आले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, ‘‘स्वामींच्या पायांसाठी दुसऱ्या कुणाकडून पाणी भरून घ्या. माझ्या हातचा तांब्या मिळणार न्हाई.’’ माय म्हणाली, ‘‘गुरूचा राग कावून करतीस गं?’’ मी म्हणाले, गुरूचा नाही. ज्याचा होता तो भिंतीला टेकून बसला होता आणि त्यानंही त्या दिवशी ताट परत पाठवलं होतं. पण मला त्याची दया आली नाही. अजिबात आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत स्वामी येणार होते. वेशीपासून हलगी लावली होती. दारापासून गल्लीपर्यंत पांढरी धोतरं पायघड्या म्हणून अंथरली होती. ओट्यावर, अगदी त्याच कोपऱ्यात, स्वामींसाठी गादी घातली होती. आमच्यात विधवेला फार छळत नाहीत, पण अशा वेळी तिनं पुढं यायचं नाही हे न बोलता ठरलेलं असतं. मी आवाराच्या फाटकाला टेकून हाताची घडी घालून उभी होते. म्हटलं, आज कुणी मला हलवून दाखवावं.

मठाची गाडी आली. वर कापडाचं छत, बैलांच्या शिंगांना गोंडे, गळ्यांत माळा. गाडी दारात थांबली. अप्पा हात जोडून पुढं झाले. हलगी थांबली. आणि मला आसाखाली चार पाय दिसले.

आधी पुढचे दोन बाहेर आले, मग मागचे फरफटत. अंगभर धूळ, चिंधी सुटलेली, जखम उघडी. आणि पाठीवर, मानेपासून शेपटीपर्यंत, ताज्या वंगणाचा काळा पट्टा. रात्र त्यानं कुठं काढली कोण जाणे, पण पुढचं मला उभ्या उभ्या समजलं. ज्या कुत्र्यानं सगळा जन्म गाडीखाली काढला, त्याला ह्या शहाण्यांनी गाडीवाटेच्या कडेला नेऊन सोडलं होतं. कानावर माळांचा आवाज आला, गाडी जवळ आली, सावली अंगावर पडली, आणि तो खाली शिरला. दुसरं त्याला काही येतच नव्हतं. ती गाडी मठाची होती आणि आमच्याकडं निघाली होती.

त्यानं नाक वर करून वास घेतला. त्याला घर कळलं. तो तसाच फरफटत पांढऱ्या पायघडीवर आला, अर्ध्यात पोचला, आणि पुढं जाता येईना म्हणून तिथंच आडवा झाला. पांढऱ्या धोतरावर वंगण, पू आणि धूळ. स्वामींना आत जायचं तर त्याला ओलांडूनच जावं लागणार होतं.

 मठाचा गाडीवान तेवढा म्हणाला, ‘‘बाभळींपासून खाली हाय बघा. हाकलला, खडे मारले, तरी जाईना. लई चिवट. मागं पडायचा. शेवटी महाराज म्हणाले, बैल जरा हळू चालव.’’

अप्पांचा चेहरा भस्माहून पांढरा झाला होता. मला म्हणाले, ‘‘उचल त्याला.’’

‘‘उचलते. पण आत न्यायला.’’

‘‘आवारात ने.’’

‘‘आत नेणार. ह्या पायघड्यांवरनंच नेणार. तो चालत आलाय, कुणी आणलेला न्हाई.’’

‘‘गुरू दारात उभे हायत,’’ अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

स्वामी खरोखरच उभे होते, गाडीच्या पायरीवर, एक पाय खाली एक वर, घामाघूम. जाड, वयस्क माणूस. चेहऱ्यावर कुठलंही तेज वगैरे नव्हतं, भूक होती. म्हणाले, ‘‘अहो, आधी त्याला घ्या नाहीतर मला घ्या. दोघांनाही उन्हात ठेवू नका.’’

मी पुढं झाले. वाकले, त्याला उचललं. किती हलका झाला होता. माझ्या खांद्यावर त्यानं मान टाकली. अप्पांच्या समोरून, मायच्या समोरून, भिंतीवरून डोकावणाऱ्या काकूच्या समोरून, मी पायघड्यांवर पाय देत गेले, उंबरा ओलांडला आणि त्याला दुकानामागच्या सरकीच्या कोठीत नेऊन निजवलं. मग बाहेर येऊन हात धुतले आणि म्हणाले, ‘‘आता तांब्या द्या.’’ पण तांब्या मला कुणी दिला नाही. नवी धोतरं अंथरली, पूजा झाली, स्वामी पोटभर जेवले आणि दुपार उतरल्यावर गेले. जाताना त्यांनी कोठीच्या दारात उभं राहून आत बघितलं आणि काही न बोलता पुढं झाले. ह्याच्यापलीकडं गावात जे सांगतात, की त्यांनी शाप दिला, की त्यांनी भस्म टाकलं, ते सगळं घरच्या घरी तयार केलेलं आहे.

अप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. मीही नाही बोलले. मायला मध्ये घालून आमचा कारभार चालायचा, ‘‘तुझ्या बापाला सांग’’ आणि ‘‘तुझ्या लेकीला सांग’’, आणि माय वैतागून दोघांनाही काही सांगायची नाही. कोठीत मी त्याच्याजवळ बसायची. पाला वाटायचा, भरायचा. जखम सुकायला लागली होती, पण तो खाईना. ताकात बुडवलेलं बोट तेवढं चाटायचा, मग तेही नाही. अप्पा कोठीवरून जाताना पावलं जरा हळू करायचे. आत येत नसत.

मग एका दुपारी आवारात माळा वाजल्या. मी बाहेर आले, तर अप्पांनी स्वतः बैल जुंपले होते. गडी लांब उभा. अप्पा चाकापाशी वाकून आसाला वंगण घालत होते, लांबच्या वाटेला निघताना घालतात तसं, भरपूर.  परत पल्याड, म्हटलं, आणि ह्या खेपेला बाभळींच्या पुढं. मी जाऊन बैलांच्या पुढ्यात उभी राहिले.

‘‘न्यायचा असंल तर माझ्या अंगावरनं गाडी घाला.’’

अप्पा हात पुसत उठले. कितीतरी दिवसांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘नेत न्हाई,’’ म्हणाले. ‘‘उचलून आण त्याला. पोतं गाडीखाली टाक.’’

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी पळत गेले. पोतं आसाखाली अंथरलं, त्याला त्यावर निजवलं, आणि मीही चाकाला पाठ लावून खालीच बसले. अप्पा धुरेवर चढले, कासरे हातात घेतले आणि बसून राहिले. गाडी हलली नाही. बैल माना हलवायचे, माळा वाजायच्या. त्याचे कान उभे राहिले. आणि मग त्याचे पाय हलायला लागले, पडल्या पडल्या, चालताना हलतात तसे. मागचेसुद्धा.

रस्त्यावरून लोक जायचे. आवाराचं फाटक उघडंच होतं. एकानं विचारलं, ‘‘काय अप्पा, कुठं निघालाव?’’

‘‘मोमिनाबादला.’’

‘‘रिकामी गाडी घेऊन?’’

‘‘रिकामीच.’’

तो थोडा वेळ थांबला, खाली वाकून बघितलं आणि हसत गेला. मग दुसरा आला. मग फाटकात चारपाच जण जमले. लोक काय म्हणतील म्हणून ज्या माणसानं जन्मभर धोतराचा काठसुद्धा मोजून सोडला, तो जुंपलेल्या गाडीवर अख्खी दुपार बसला होता आणि गाव बघत होतं. अप्पा समोर वाटेकडं बघत होते. बघू दे म्हणत असतील. तेव्हा मला कळलं, माझं तोंड कुणावर गेलंय ते.

मध्येच ते वरून म्हणाले, ‘‘मीच सांगितलं होतं गड्याला. रानात नको, गाडीवाटेला सोड म्हणून.’’

मी खालून म्हणाले, ‘‘मग तुमीच जाऊन आणायचा होता, अप्पा.’’

त्यांनी कासरे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले. मग म्हणाले, ‘‘हो. आणायचा होता.’’

आसाला नुकतंच घातलेलं वंगण गळत होतं. एक थेंब त्याच्या पाठीवर पडला, मग दुसरा. पायांचं हलणं हळू झालं. माझं मनगट त्याच्या तोंडात होतं, किडे वेचताना धरायचा तसंच धरलेलं. ऊन फाटकापर्यंत गेलं आणि तोंड सैल झालं.

‘‘अप्पा,’’ मी म्हणाले.

‘‘हं.’’

‘‘झालं.’’

वरून कासरे खाली टाकल्याचा आवाज आला. ‘‘पोचला,’’ अप्पा म्हणाले. आणि मग मला त्यांचं रडणं ऐकू आलं. ह्या खेपेला मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्यांच्याकडं बघत राहिले.

मेलेल्या कुत्र्याला पायाला दोरी बांधून वेशीबाहेर ओढत नेतात. दोरी घेऊन कुणीतरी आलाही. अप्पांनीच त्याला परत पाठवलं. आम्ही लिंगायत, आमची माणसं आम्ही पुरतो, आपल्याच शेतात. मी त्याला धुतलं, जखम धुतली, पाय धुतले, पाठीवरचं वंगण तेवढं ठेवलं. त्याच गाडीत घातला, खाली नाही, वर, माझ्या मांडीवर. शेताच्या बांधाला खड्डा अप्पांनी आणि गड्यानं खणला आणि माती मी लोटली.

काकूचा अबोला तेव्हा सुटला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून, गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाली, ‘‘वाण्यानं म्हणे कुत्र्याला समाधी दिली.’’

मी ओट्याच्या कोपऱ्यात बसून तूर निवडत होते. मी काही बोलायच्या आत दुकानातून अप्पांचा आवाज आला.

‘‘दिली,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तुमी यायचं होतं.’’